खालच्या मजल्याचं नेट

थोरलीचं आयुष्य दवाखान्याच्या औषधखिडकीत गेलं होतं. जहाल औषधांच्या कपाटाची किल्ली ती नोकरीभर गळ्यात घालून वावरली आणि निवृत्त झाली तेव्हा ती परत देताना तिला क्षणभर उघडं पडल्यासारखं वाटलं होतं. त्यामुळे लेक रविवारी नवा राउटर घेऊन आली आणि "आई, तुझ्या नेटला कुलूपच नाही," म्हणाली, तेव्हा थोरलीला ते चांगलंच झोंबलं.

"पासवर्ड आहे की."

"आपल्या जुन्या लँडलाइन फोनचा नंबर! तो सगळ्या नातलगांना पाठ आहे."

लेक दातांची डॉक्टर. दुखरा दात आणि आईचं म्हणणं, दोन्ही ती सारख्याच सफाईने बाजूला करायची. जुना राउटर काढण्याआधी तिने त्यावर कोणकोण जोडलंय ते बघितलं. आईचा फोन, आईचा टीव्ही आणि आणखी एक फोन.

"हा कोणाचा?"

"मला काय ठाऊक?"

"म्हणजे कोणीतरी तुझं नेट फुकट वापरतंय. बघ, मी उगाच नव्हते म्हणत."

मग लेकीने कंबर कसली. नवा राउटर जुन्यासारखा खिडकीत न लावता घराच्या मध्यभागी, उंच फळीवर ठेवला. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा ठेवला. "हा घराच्या दाराचा आणि हा तिजोरीचा. दोन्हींची किल्ली एकच ठेवायची नसते." हे थोरलीला लगेच पटलं. बटण दाबून कोणीही जोडलं जाईल, ती सोय लेकीने बंद केली. राउटरने नवे अपडेट आपले आपणच घ्यावेत, अशी व्यवस्था केली. नवा पासवर्ड इतका लांबलचक होता की थोरली म्हणाली, "हे वाचेपर्यंत चोर म्हातारा होईल."

"तेच हवंय," लेक म्हणाली आणि संध्याकाळी आपल्या घरी गेली.

सोमवारी दुपारी थोरली चहाचा कप घेऊन मागच्या खिडकीशी बसली. रोज बसायची तशीच. चहा संपला, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. मंगळवारीही तसंच. काय राहिलंय ते तिला मंगळवारी रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगलं. खालून आवाज आला नव्हता.

खाली धाकटी राहायची, तिची जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, आणि घर एकच, वरचा मजला थोरल्याचा, खालचा धाकट्याचा. भाऊ एकापाठोपाठ एक गेले आणि वर्षभरात दोघी जावांचं पाण्याच्या टाकीवरून वाजलं. टाकी कोणी धुवायची, एवढंच. पुढे ती टाकी फुटली, नवी आली, तीही जुनी झाली. अबोला मात्र नव्यासारखा टिकला होता. जिन्यात गाठ पडली तर दोघी भिंतीकडे बघत जायच्या.

पण धाकटीला कमी ऐकू यायचं आणि कमी ऐकू येणारा माणूस मोठ्याने बोलतो. तिचा मुलगा दूरदेशी. त्याच्या लेकीला, पिटकीला, ती रोज दुपारी फोनवर बघत बघत गोष्ट सांगायची. बस चालवणाऱ्या अस्वलाची. गोष्ट कित्येक महिने चालली होती आणि तिचा शब्दन् शब्द वरच्या खिडकीत येत होता. आपण ती ऐकतो, हे थोरलीने स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं. ती फक्त चहा प्यायची. आता चहा पुरेनासा झाला होता, कारण शनिवारी मागच्या बाकावर एक हत्तीण येऊन बसली होती, बसची पुढची चाकं हवेत गेली होती आणि अस्वल तसंच अधांतरी राहिलं होतं.

बुधवारी आवाज आला. "हॅलो? दिसतेय का गं आजी? थांबलीस का? अगं हल ना जरा. हॅलो?" मग पुष्कळ वेळ काही नाही. मग नुसतंच, "जाऊ दे."

थोरली कप हातात घेऊन तशीच बसली. जुन्या फोनचा नंबर. दोन्ही मजल्यांना मिळून असलेला तो फोन असायचाच मुळी खाली, धाकटीच्या ओट्याशेजारी. तिला नाही पाठ असणार तर कोणाला?

तिने लेकीला फोन लावला. "ते कोणाला दुसऱ्याला नेट द्यायचं असेल तर कसं द्यायचं?"

"कोणाला?"

"तुझ्या काकूला."

"तो तिसरा फोन काकूचा होता?"

"असू दे. तू कसं करायचं ते सांग."

"आपला पासवर्ड द्यायचा नाही. पाहुण्यांसाठी निराळं नेटवर्क करता येतं. त्यांना नेट मिळतं, पण आपल्या फोन-टीव्हीपर्यंत पोचता येत नाही."

"ती पाहुणी नाही."

"आई, राउटरला नाती कळत नाहीत. पाहुणे म्हण आणि पुढे चल."

थोरली चष्मा सावरत पुढे चालली. तिजोरीचा पासवर्ड टाकताना दोनदा चुकली, लेक न चिडता थांबली. नव्या नेटवर्कला नाव विचारलं तेव्हा थोरलीने कोणालाही न विचारता इंग्रजी अक्षरांत 'धाकटी' असं लिहिलं. पासवर्ड मात्र नियमाप्रमाणे लांब ठेवला. तिथे तिने दयामाया दाखवली नाही.

मग जिना उतरून तिने धाकटीचं दार वाजवलं. ऐकू जाईना, म्हणून जोरात वाजवलं.

धाकटीने दार उघडलं आणि थोरलीला बघून तिचा चेहरा पडला. ती बाजूला झाली, पण आत या म्हणाली नाही.

"मला माहीत होतं तुम्ही येणार," ती खालमानेने म्हणाली. "चुकलंच माझं. फोनवरचं नेट ह्या भिंतींतून येतच नाही, चित्र अडकतं. एकदा सहज जुना नंबर घालून बघितला तर लागलं. विचारायला हवं होतं. तोंड कुठे होतं विचारायला?" तिने पदराने उगाचच हात पुसले. "तुम्ही बंद केलंत त्यात वावगं काही नाही. तुमचंच होतं."

"मी बंद नाही केलं. लेकीने राउटर बदलला. तुझा फोन आहे हे मला आजच कळलं."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, मी बंद नाही केलं!" थोरलीने आवाज चढवला. आणि आवाज चढलाच आहे तर म्हणून पुढचंही बोलून टाकलं. "ती हत्तीण उतरली का?"

धाकटीने कान पुढे केला.

"मागच्या बाकावरची. बस वर गेली होती ना पुढून."

"तुम्हाला वर ऐकू जातं?"

"अगं, चौकापर्यंत ऐकू जातं. तू माझं नेट चोरलंस, मी तुझी गोष्ट चोरली. फिटंफाट. आता फोन आण इकडे."

धाकटीने फोन आणला. नेटवर्कांच्या यादीत आपलं नाव बघून तिने त्यावर एकदा अंगठा फिरवला आणि त्या फिरवण्याने दुसरंच काहीतरी उघडलं. ते बंद करण्यात दोघींची पाच मिनिटं गेली. पासवर्ड टाकताना थोरली एकेक अक्षर ओरडून सांगत होती. शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, हा पासवर्ड आता गल्लीला कळला," तेव्हा दोघीही हसल्या. 'ताई' ऐकून थोरलीला वाटलं, ह्या हाकेला ओ द्यायची आपली सवयच मोडलीय. ती नुसतीच "हं" म्हणाली.

पिटकी पडद्यावर आली ती तक्रार घेऊनच. "आजी, तू तीन दिवस थांबलीस. आणि ही कोण?"

"ही माझी ताई. वर राहते."

"अस्वल ओळखते?"

"चांगलं ओळखते," थोरली म्हणाली.

हत्तीण काही उतरली नाही. अस्वलाने तिला विनवून पुढच्या बाकावर बसवलं, तर मागची चाकं वर गेली. शेवटी ती मधोमध उभी राहिली आणि बस सुरळीत निघाली. ही युक्ती थोरलीची. धाकटीच्या मनात हत्तिणीला चालत पाठवायचं होतं, पण पिटकीचं मत थोरलीच्या बाजूने पडलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी थोरली आपली उंच खुर्ची घेऊन खाली उतरली, कारण धाकटीच्या बैठ्या खुर्च्यांवरून तिच्या गुडघ्यांना उठवत नव्हतं. गोष्ट संपली की खुर्ची वर न्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली आणायची, असं काही दिवस चाललं. मग एकदा धाकटी म्हणाली, "राहू द्या की इथेच. रोज कशाला ओढाताण?"

थोरलीने खुर्ची भिंतीशी सरकवून ठेवली आणि रिकाम्या हातांनी वर गेली.