गाणं म्हण, सोडतो घरी

निघायच्या दिवशी पहाटे ओब्दुलियाने लेकीची पिशवी तीनदा उघडून पाहिली. जन्मदाखला, मतदार कार्ड, पाण्याची बाटली, केळीच्या पानात बांधलेले तमाल, म्हणजे शिंपल्या भरलेले मक्याचे उंडे. मग चुलीपाशी उभी राहून तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

"आणि गाणं?"

"आई, पुरे."

"पहिलं कडवं म्हण. मग दुसरं. दुसऱ्यालाच अडकतात सगळे."

"मी म्हणणार नाहीये," सराई म्हणाली आणि तिने पिशवीची चेन ओढली.

लास गार्सासमधल्या प्रत्येक घरात प्रवासाची तयारी अशीच व्हायची. खाडीच्या काठावरचं हे काळ्या माणसांचं गाव; इथल्या माणसाने किनारा सोडून अकापुल्कोकडे जायचं म्हणजे वाटेत तपासणी नाका लागायचा. नाक्यावरचे लोक बसमध्ये चढायचे, चेहरे बघायचे आणि काळ्या माणसाला खाली उतरवायचे. मेक्सिकोत काळी माणसं नसतात, असं त्यांचं ठाम मत. कागद दाखवला तर म्हणायचे, विकत मिळतो. मग म्हणायचे, खरा मेक्सिकन असशील तर राष्ट्रगीत म्हणून दाखव.

ओब्दुलियाचा भाऊ तिबुर्सियो दुसऱ्या कडव्याला अडकला होता. गाव सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलेला मासेमार तो, घाबरून त्याची जीभच लुळी पडली. त्याला जाळीच्या गाडीत घालून नेलं आणि दोन सरहद्दी ओलांडून होन्दुरासमध्ये सोडलं. तो देश त्याने नकाशातसुद्धा पाहिला नव्हता. परत यायला त्याला पाऊसकाळ उलटून गेला. हल्ली तो अंगणापलीकडे जात नाही.

तेव्हापासून ओब्दुलियाने मुलांकडून गाणं घोटून घ्यायला सुरुवात केली. तांदूळ निवडताना, जाळी विणताना, कुठेही. थोरला दोनदा गाऊन सुटला. पहिल्यांदा हसत घरी आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलला नाही, आणि आईने ताट पुढे केलं तेव्हा मान फिरवून बसला. ओब्दुलियाने त्यातून एवढंच घेतलं, की पोरगा घरी आला.

सराईला अकापुल्कोत पाण्याच्या अभ्यासाला प्रवेश मिळाला होता. खाडीचं तोंड वाळूने बुजलं की मासे का मरतात, हे तिला शिकायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. त्यामुळे आई सोबत निघाली. लेकीने हट्ट धरलाच, तर तिच्या वतीने आपण बोलू, असा तिचा हिशेब.

चानोची बस नेहमीसारखी भरलेली होती. ओब्दुलियाने सुक्या मासळीची टोपली मांडीवर घेतली, तशी शेजारची बाई खिडकीकडे सरकली. ती डोंगराकडची, आमुझ्गो जमातीची. अंगात स्वतः विणलेला पांढरा झगा, छातीवर लाल नक्षी, पायाशी कापडांचं गाठोडं. गाठोड्याचा एक कोपरा ओब्दुलियाच्या पायावर आला होता.

"टोपली खाली ठेव," बाई म्हणाली. तिचं स्पॅनिश एकेक शब्द पारखून घेतल्यासारखं यायचं. "वास येतो."

"मासळी आहे, गुलाब नाहीत. तू गाठोडं आवर आधी."

"गाठोड्याला वास नाही."

"पण वजन आहे ना! माझा अंगठा काळा आहे म्हणून कळत नाहीये, निळा पडलाय तो."

मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं. चानोने आरशातून पाहिलं. "तिया ओब्दुलिया, सकाळी सकाळी सुरू झालीस?" अख्खं गाव तिला तिया, म्हणजे मावशी म्हणायचं. लग्नाच्या मांडवात सवाल टाकायला तिच्या तोडीचं किनाऱ्यावर कुणी नव्हतं. समोरच्याला उद्देशून चार ओळींचा सवाल टाकायचा, त्याने तिथल्या तिथे चार ओळींतच उत्तर द्यायचं, नाहीतर मंडळी त्याला हसून हसून मांडवाबाहेर घालवायची. ओब्दुलियाने आपल्या होणाऱ्या नवऱ्यालासुद्धा असंच घालवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी उत्तर पाठ करून परत आला, म्हणून लग्न झालं.

त्या बाईचं नाव फ्लोरेन्तिना. एवढं कळेपर्यंत नाका आला.

रस्त्याच्या कडेला नारळाची झाडं होती. सावलीत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खाली नळ्या खोचलेली शहाळी. पलीकडे पांढरी गाडी उभी होती, मागच्या खिडक्यांना जाळी. चानोने बस रस्त्यातच थांबवली. गणवेशातला एक माणूस चढला. छातीवर नाव होतं, रेन्तेरिया. त्याने पुढच्या बाकांवरून नजर फिरवली, एका कोंबडीवाल्यावरून, दोन शाळकरी मुलींवरून, फ्लोरेन्तिनाच्या नक्षीवरून, आणि ती सराईवर येऊन थांबली.

"तू. खाली."

ओब्दुलिया टोपली ठेवून तिच्या मागोमाग उतरली.

सराईने कागद दिले. रेन्तेरियाने ते उघडले नाहीत, नुसते तळहातावर आपटत राहिला. "कुठली?"

"लास गार्सास."

"मूळची?"

"मूळचीच. दाखल्यावर लिहिलंय."

"दाखले छापून मिळतात, पोरी. राष्ट्रगीत म्हण."

"नाही."

"येत नाही?"

"येतं. म्हणणार नाही. बसमधल्या सगळ्यांना म्हणायला सांगा, मी त्यांच्याबरोबर म्हणते."

"त्यांना गरज नाही."

"का?"

"दिसतंच आहे."

"काय दिसतंय? नीट सांगा."

 रेन्तेरियाने मान वळवून जाळीच्या गाडीकडे पाहिलं. खुर्चीत बसलेला दुसरा माणूस उठला आणि त्याने गाडीचं मागचं दार उघडून ठेवलं.

 त्या दारातून आत गेलेलं माणूस उद्या सकाळी कुठेच हजर होत नाही. ओब्दुलिया लेकीच्या दंडाला धरून कुजबुजली, "म्हण गं. दोन मिनिटांचं काम. म्हण आणि चल."

"आई, दादा घरी आला तेव्हा तू त्याच्या तोंडाकडे बघितलंस का?"

"तो घरी आला ना!"

"हो," सराई म्हणाली. "गाऊन आला."

रेन्तेरियाला उन्हाचा कंटाळा आला असावा. तो जरा मऊ झाला. "हे बघा बाई, मला काही हौस नाही. पोरगी नाही म्हणत तर तुम्ही म्हणा. कुणीही एकीनं म्हणा, गाडी जाऊ द्या."

सुटका एवढी स्वस्त झाली होती. ओब्दुलियाने पाय जुळवले. शाळेत शिकवल्याप्रमाणे उजवा हात छातीवर आडवा धरला. तिला सगळी कडवी येत होती. झोपेतून उठवलं असतं तरी तिने म्हटली असती. तिने श्वास घेतला आणि सवयीने लेकीकडे पाहिलं.

सराईने मान फिरवली होती. अगदी तशीच, ताटासमोर बसलेल्या थोरल्यासारखी.

 ओब्दुलियाने हात खाली घेतला, कमरेवर ठेवला, आणि लग्नाच्या मांडवात उभी राहायची तशी एक पाय पुढे टाकून उभी राहिली.

"गाणं पाहिजे ना साहेबांना? घ्या."

इस्त्रीवाल्या शिपायाला ऊन लागतं का भारी?
टोपी काढ नि उभा राहा माझ्यासंगं भरदुपारी.
दोन उन्हाळ्यांत होईल तुझा रंग माझ्यापरी,
मग तुझाच साहेब म्हणेल, गाणं म्हण, सोडतो घरी!

 बसच्या खिडक्यांतून असा हशा फुटला की कोंबड्या पंख फडफडवून ओरडू लागल्या.

"उत्तर! उत्तर!" आतून कुणी तरी पत्र्यावर थापा मारायला लागलं. "साहेब, उत्तर द्या!"

"हे काय चाललंय?" रेन्तेरियाचे कान लाल झाले होते.

"आमच्याकडे गाणं मागितलं की परतफेड करावी लागते," ओब्दुलिया म्हणाली. "चार ओळी. जमतील तशा. आम्ही हसणार नाही, म्हणजे फार हसणार नाही."

"बाई, दोघींना आत घालीन!"

"घाला की. पण उत्तर दिल्याशिवाय घातलंत तर हरलात."

चानोने इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि दारात येऊन उभा राहिला. त्याला सवाल कधी धड जमला नव्हता, पण आज त्याने छाती फुगवली. "साहेबांच्या वतीनं मी देतो!"

काय करू गं तिया, माझी नोकरीच अशी खोटी,
काळी माणसं मोजल्याशिवाय मिळत नाही रोटी!

"दोनच ओळी झाल्या रे, गाढवा!" मागून ओरड आली.

"उरलेल्या दोन साहेब देतील!"

रेन्तेरियाने सराईचा दंड धरला. तेवढ्यात बसच्या पायरीवर पांढरा झगा दिसला. फ्लोरेन्तिना गाठोडं सांभाळत, एकेक पायरी बघत उतरली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती सरळ चालत आली आणि सराईच्या दुसऱ्या बाजूला, जाळीच्या गाडीच्या उघड्या दारासमोर उभी राहिली. गाठोडं तिने बरोबर दारात ठेवलं.

"तू कशाला उतरलीस?" रेन्तेरिया खेकसला. "तुला कुणी काही म्हटलं का?"

"बसमध्ये मासळीचा वास येतो," फ्लोरेन्तिना शांतपणे म्हणाली.

ओब्दुलियाने तिच्याकडे पाहिलं. फ्लोरेन्तिना समोरच बघत होती. ती आपले शब्द निवडत म्हणाली, "दवाखान्यात मला म्हणाले, आधी नीट स्पॅनिश बोल, मग तपासू. मी नीट बोलायला शिकले. तोवर पोर गेलं." तिने गाठोडं पायाने आणखी आत सरकवलं. "ही मुलगी नाही म्हणते. मला नाही म्हणायला येत नव्हतं तेव्हा."

 बसच्या मागे एव्हाना ट्रकांची रांग लागली होती. आंब्यांचा एक ट्रक भोंगा दाबूनच बसला होता, त्यामागून दुसरा, तिसरा. पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून आला, काय झालं म्हणून विचारू लागला, आणि कळल्यावर परत न जाता तिथेच हाताची घडी घालून उभा राहिला.

ओब्दुलियाचा गळा आता तापला होता. तिने नारळाच्या झाडांकडे हात केला.

माझ्या आज्यानं या मातीत माड लावले ओळीनं,
त्यांच्या सावलीत बसून तू शहाळं पितोस नळीनं.
माडाला नाही पुसत कुणी, कोणी आणलं, कुठून, केव्हा;
माझ्या लेकीला पुसतोस तू, माडाखाली बसतोस जेव्हा!

या वेळी हशा झाला नाही. बसमधले लोक खिडक्यांतून अर्धे बाहेर आले होते आणि नुसते बघत होते. पत्र्यावरची थाप मात्र चालू राहिली, एका लयीत, सावकाश.

रेन्तेरियाच्या खांद्यावरचं बिनतारी यंत्र खरखरलं. कुणी तरी वरचा माणूस रांगेबद्दल विचारत होता. एवढा खोळंबा कशाचा आहे? सराईचा दंड सोडून रेन्तेरिया पाठ फिरवून हळू आवाजात काही बोलला. पलीकडून आलेला प्रश्न मात्र सगळ्यांना ऐकू आला. "कागद खोटे आहेत की खरे?"

तेव्हा त्याने कागद उघडले. आत्तापर्यंत ते त्याच्या हातात घामाने ओले झाले होते. त्याने दाखला वाचला, कार्ड वाचलं, फोटो पाहिला, सराईकडे पाहिलं. शिक्का उन्हात तिरपा धरला. मग कागद तिच्यापुढे केले.

"जा. घ्या आणि जा."

सराईने कागद घेतले. हलली नाही.

"जा म्हटलं ना!"

"वाचलंत ना तुम्ही?" सराईने विचारलं. "मग काय लिहिलंय ते सांगा. मी कोण आहे?"

"मुली, नशीब समज..."

"तुम्ही मला सगळ्यांसमोर उतरवलंत. सगळ्यांसमोर सांगा."

 आत्ता, या क्षणाला, लेकीला ओढून बसमध्ये घालावी असं ओब्दुलियाला फार वाटलं. जाळीच्या गाडीचं दार अजून उघडंच होतं.  पण लेकीच्या दंडाकडे गेलेला हात तिने मागे घेतला.

आंब्याच्या ट्रकचा भोंगा थांबला. पत्र्यावरची थापही थांबली.

"मेक्सिकन," रेन्तेरिया जमिनीकडे बघत म्हणाला.

"ऐकू नाही आलं," फ्लोरेन्तिना म्हणाली. प्रत्येक शब्द तिने नीट उच्चारला.

"मेक्सिकन! मेक्सिकन नागरिक! झालं?"

बसमधून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फ्लोरेन्तिनाने वाकून गाठोडं उचललं. ते जड होतं. सराईने दुसरं टोक धरलं आणि दोघी पायरीकडे निघाल्या. चानोने खिशातली किल्ली चाचपली.

रेन्तेरिया वळून खुर्चीकडे चालू लागला होता. ओब्दुलिया त्याच्या वाटेत उभी राहिली. झग्याच्या आतल्या खिशातून तिने आपलं कार्ड काढलं, कडा झिजलेलं, तिबुर्सियोला नेलं त्या वर्षापासून रोज अंगावर बाळगलेलं, आणि त्याच्या नाकासमोर धरलं.

"आता माझं वाच," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं."