वर्षभर पडून राहणारे सेल

धाकट्या भावाला फोन करायचा म्हणजे आधी मनातल्या मनात उजळणी करायची, अशी तिला सवयच लागली होती. ती मुद्द्यावर येण्याआधी तोच भलत्या मुद्द्यावर जाऊन बसायचा, आणि तिथून त्याला उठवणं कुणाच्या बापाला जमत नसे. लहानपणी त्यानं घरातलं घड्याळ उघडलं, तेव्हा आई कौतुकानं त्याला शास्त्रज्ञ म्हणाली होती. घड्याळ परत कधी चाललं नाही, नाव मात्र टिकलं.

त्या दिवशी उजळणी चांगली झाली होती. ती चादरी धुण्याच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला होती. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी इस्त्रीच्या रुळांतून तापून बाहेर यायच्या आणि दोघींनी टोकं धरून त्यांच्या घड्या घालायच्या. मॅनेजरनं तिला बोलावून विचारलं होतं, दिवसपाळीची सुपरवायझर होतेस का? आधी दुसऱ्या गावच्या कारखान्यात सहा आठवडे राहून काम शिकायचं, एवढी एकच अट. महिनाअखेरीला उत्तर द्यायचं. होय म्हणायला ती उतावीळ झाली होती. घोडं अडलं होतं आईपाशी. आईचे पाय गेलेले. तिला उठवायला, बसवायला, पुसायला माणूस लागायचं. संध्याकाळी शेजारच्या मावशी येऊन बसायच्या, पण त्या बसायच्या म्हणजे नुसत्याच बसायच्या. सहा आठवडे आईला धाकट्यानं न्यावं, एवढंच तिला मागायचं होतं.

"अरे, ऐक," ती म्हणाली, "काल येताना सायकलचा दिवा मधेच गेला. गोदामांच्या रस्त्यानं सायकल ढकलत आले. तोवर मावशी निघून गेलेल्या, आई ओल्यात पडून. असं कुठवर चालायचं? मी काय म्हणत होते, सहा आठवडे तू जर..."

"दिव्यात सेल कुठले घालतेस?" शास्त्रज्ञानं विचारलं.

झालं. एवढ्या बोलण्यात आई ओल्यात पडली होती, बहीण अंधारात चालली होती, आणि या गृहस्थानं उचलला काय, तर सेल! त्या दिवशी त्यानं तिला रिचार्जचे सेल का घ्यावेत ते सांगितलं. दोन दिवसांनी आपणहून फोन केला, त्यातही दोन जाती असतात म्हणून. मग चार्जर झटपट भरणारा नको, सावकाश भरणारा हवा. मग जुना सेल नव्याबरोबर घालायचा नाही, जोडी मोडायची नाही. तिनं दरवेळी सहा आठवड्यांचं काढलं, आणि दरवेळी तो म्हणाला, "त्याचं बघू गं ताई. आधी हे एक नक्की होऊ दे. तू घाईनं काहीतरी घेऊ नकोस, मीच पाठवतो."

एवढे फोन त्यानं कधीच केले नव्हते. आई हरखून गेली. "बघ, किती काळजी आहे त्याला तुझी," ती म्हणायची. म्हणताना लेकीकडून पाठ पुसून घेत असायची. लेक टॉवेल पिळायची. तो जरा जास्तच जोरानं पिळला जायचा, इतकंच.

तोवर ती जुन्याच सेलांवर चालवत होती. दिवा लागला तर लागला, नाहीतर मागून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात जमेल तेवढं पुढे सटकायचं.

महिना संपत आला आणि पार्सल आलं. चार सेल, एक चार्जर, सगळं चकचकीत. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला उत्तर द्यायचं होतं. तिनं कामावर निघण्याआधी फोन लावला.

"मिळाले ना?" तो खुशीत होता. "खूप शोधून हे निवडले, ताई. रोज वापरणाऱ्यांसाठी वेगळे असतात, जास्त दमाचे. पण ते पडून राहिले की आपोआप उतरतात. हे नाही उतरत. वर्षभर हात लावला नाहीस तरी जसेच्या तसे. तुझ्यासाठी अगदी योग्य."

"माझ्यासाठी कसे काय?"

"तुझी सायकल उभीच असते ना. आठवड्यातून कधीतरी भाजीला, बास."

"आणि कामावर कशी जाते मी?"

"बसनं."

"बस केव्हाच बंद झाली. मी रोज सायकलनं जाते. येताना पाऊण तास अंधार असतो."

"असं होय? बोलली नाहीस कधी."

बोलली होती. दिवा गेला त्या दिवशीच्या फोनमध्ये, त्याआधी, त्याच्याही आधी. पण आता भांडायला वेळ नव्हता. तिनं एका दमात विचारून टाकलं, "आईला सहा आठवडे नेशील का? हो किंवा नाही सांग. उद्या मला उत्तर द्यायचंय."

सेलांवर तासभर बोलणाऱ्याला दोन अक्षरं सापडेनात. "तिला इथे करमणार नाही गं," तो शेवटी म्हणाला. "आमची जागा लहान. हिलाही विचारावं लागेल. पुढच्या वर्षी बघू या का?"

तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला नाही म्हणून सांगितलं. तिच्याबरोबर चादरीचं दुसरं टोक धरणारी मुलगी सहा आठवडे जाऊन आली, सुपरवायझर झाली, आणि पाळी बदलताना घड्या वाकड्या येताहेत म्हणून तिलाच बोलू लागली. तिला त्या मुलीचा राग आला नाही. राग आधीच सगळा एका ठिकाणी खर्ची पडला होता.

पार्सल तिनं कपाटाच्या खणात टाकलं. बाजारात जाऊन जास्त दमाचे सेल तिनं स्वतः घेतले, रोज भरले, रोज वापरले.

वर्ष उलटून गेल्यावर शास्त्रज्ञ आला. दुपारच्या गाडीनं, दोन दिवसांसाठी. ती कामावर निघायच्या तयारीत होती. कात्री शोधायला म्हणून त्यानं खण उघडला आणि सेलांचं पाकीट त्याच्या हाती लागलं.

"अगं, हे फोडलंसुद्धा नाहीस?" तो दुखावला. मग काही सुचून त्यानं पाकीट फाडलं, तिच्या दिव्यातले सेल काढून आपले घातले आणि बटण दाबलं. अंधाऱ्या खोलीभर लख्ख उजेड पडला. "बघ! म्हटलं होतं ना? जसेच्या तसे!" दिवा हातात घेऊन तो कौतुकानं आईच्या पलंगापाशी गेला. "आई, बघ."

आईनं डोळे बारीक केले. मग पदर सावरला.

"बसा ना," ती म्हणाली. "दिवा दुरुस्त करायला आलात वाटतं? माझ्या मुलानं सेल पाठवलेत हिला. फार काळजी त्याला. येईलच तो."

त्यानं दिवा विझवला आणि बहिणीकडे पाहिलं. कधीपासून, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं, पण विचारलं नाही. आई माणसं ओळखेनाशी झालीय, हेही तिनं फोनवर सांगितलं होतं. आता फक्त 'आई, हाच तो' एवढंच तिनं म्हणायचं होतं. तो लहान मुलासारखा त्याचीच वाट पाहत होता.

तिनं त्याच्या हातातून दिवा घेतला. त्याचे सेल काढून टेबलावर ठेवले आणि आपले घातले.

"बसा तुम्ही," ती त्याला म्हणाली. "तासाभरानं यांची चादर बदलावी लागेल."

आणि सायकल घेऊन ती कामावर गेली.