गोदाबाई जाहिरात पुढे ढकलत नसत

मित्रांनो, काचेला तडा गेलेला, पाठीला रबर बांधलेला मी एक जुना मोबाइल आहे. बुऱ्हाणपूरच्या लालबाग वस्तीत एका घरातल्या शिलाई मशीनच्या खणात माझा मुक्काम असतो. माझ्यासारख्याचं कोण ऐकतो, असं तुम्ही म्हणाल. पण जे घडलं ते माझ्या पोटात राहत नाही. आणि खरं सांगायचं तर ते मी नुसतं पाहिलं नाही, मीच दाखवलं.

नवा होतो तेव्हा माझा तोरा काय विचारता! चारुलताने मला दुकानातून निवडून आणलं. तिचा नवरा मोहित केळीचे ट्रक भरायच्या कामावर दिवसभर बाहेर असे. चारूच्या हाताला मोठी चव. मला पिठाच्या डब्याला टेकवून ती चुलीपुढे बसायची आणि उलट्या कढईवर हा एवढा मोठा मांडा टाकत बोलायची, "बघा ताई, हात असा सैल सोडायचा. घाबरायचं नाही." मी ते टिपायचो आणि तिच्या चॅनेलवर चढवायचो. हळूहळू लांबलांबची माणसं बघू लागली, त्यांच्यामागून जाहिराती आल्या आणि चारूला थोडी मिळकतही सुरू झाली. गल्लीत तिचं कौतुक झालं. त्यातलं थोडं मी माझ्याही पदरात पाडून घेतलं.

मग नवा फोन आला आणि मी तिच्या सासूबाईंकडे, गोदाबाईंकडे गेलो. त्यांनी मला जीव लावला, पदराने माझी काच पुसली. वाचता बेताचंच यायचं, म्हणून त्या माझ्याशी बोलूनच व्हिडिओ शोधत. त्यांना शुगर होती, सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. एके दुपारी त्यांनी मला विचारलं, "शुगरनं पाय बधिर होते, त काय करा लागते?" बस्स! ते एक वाक्य माझ्यातून कुठे गेलं, कुणाच्या हाती पडलं, मला आजही ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो माणूस यायला लागला.

पांढरा कोट, गळ्यात नळी. जो व्हिडिओ लावावा त्याच्या आधी हाच उभा. "माताजी, इक्कीस दिन! शुगर जड़ से खतम! गोलियाँ फेंक दो, मीठा खाओ!" मला तो पहिल्यापासून आवडला नाही. पण पोत्यात काय आहे हे हमालाला कोण सांगतो? मी आपला रोज त्याला वाहून आणत होतो.

नात हिमानी कॉलेजात जाणारी. तिला त्याचा वैताग आला. "आजी, ये बंदा रोज येतो? थांब, याचा बंदोबस्तच करते." तिने माझ्यात जाहिराती अडवणारा ब्लॉकर बसवला. आठ दिवस काय सुखाचे गेले म्हणून सांगू!

मग एकदा जेवताना चारू मोहितला म्हणाली, "लोकं ब्लॉकर लावून बघतात. बाकीचे वैतागून दुसऱ्याच ॲपवर निघून चालले. जाहिरात कोणी बघतच नाही, तर मी चुलीपुढे कशाला भाजून घेऊ? बंद पडणार बघा हे सगळं." गोदाबाईंचा घास हातातच राहिला. सून राबते आणि आपण घरात बसून तिच्याच ताटातलं चोरतो, असं त्यांच्या मनाला लागलं. जेवण झाल्यावर त्यांनी हिमानीला हाक मारली.

"काढ वं माय तुझं ते. चारूचं नुसकान होते."

"अरे आजी, तुझ्या एकटीने क्या फरक पडतो?"

"सुरुवात घरापासून करा लागते. काढ म्हणलं ना!"

हिमानीने ब्लॉकर काढला. त्या दिवसापासून गोदाबाई एकही जाहिरात पुढे ढकलत नसत. ती संपेपर्यंत चहाचा कपसुद्धा तोंडाला लावत नसत, आरती चालू असताना खाऊ नये तसं. आणि एके दिवशी चारूच्या दराब्याच्या व्हिडिओआधी तो कोटवाला आला. दराबा म्हणजे रवा, तूप, साखर घोटून घोटून केलेली आमच्याकडची मिठाई. गोदाबाईंनी सहा वर्षांत तिला बोट लावलं नव्हतं. त्या माझ्यावर वाकून पुटपुटल्या, "चारूच्या व्हिडिओत येते, म्हणजे चारूनं पारखूनच घेतलं असंल. ती का खोटं दाखवंल?"

अहो बाई, आपल्या दारात कोण उभं आहे याचा चारूला पत्ताही नव्हता! तिला काय दिसतं आणि तुम्हाला काय दिसतं, हे ठरवणारे कुठल्या कुठे बसलेले. मला ओरडावंसं वाटलं. पण मला माझा म्हणून आवाज नाही, मित्रांनो. त्यांचं बोट माझ्या काचेवर टेकलं, आणि चौथ्या दिवशी पार्सल आलं.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. एकवीस दिवसांनी सुनेपुढे वाटी धरून दराबा मागायचा आणि मग सगळं सांगायचं, असा त्यांचा बेत होता. एवढीशी हौस हो! डॉक्टरांच्या गोळ्यांची पाकिटं आणि पार्सलातल्या पुड्या, दोन्ही मशीनच्या खणात लपली. रोज एक पुडी आणि वर कोमट पाणी.

चौदाव्या दिवशी त्यांना चप्पल चावली. पाय बधिर, त्यामुळे कळलंच नाही. अंगठा काळा पडला, ताप चढला, तेव्हा कुठे मोहितने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. "गोळ्या बंद केल्या होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं. चारू धावत घरी आली, तिने खण उपसला आणि पुड्या मुठीत घेऊन परत गेली. मी तेव्हा गोदाबाईंच्या उशाशी होतो.

"आई, हे कुठून आणलं? कुणी दिलं तुम्हाला?"

"तूच त दिलं ना माय," गोदाबाई म्हणाल्या. "तुझ्याच व्हिडिओत होतं."

चारूने मला उचलून स्वतःचाच व्हिडिओ लावला, आणि तिच्याआधी तो कोटवाला उभा राहिला.

जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चारूने आपले सगळे व्हिडिओ उतरवले, चॅनेलला कुलूप घातलं. "माझ्या नावावर कोण आत शिरतं तेच मला कळत नसेल, तर नको ते दुकान," म्हणाली. आता ती मांडे शिकवते ती अंगणात, समोर बसलेल्या चार बायांना. मला खणात टाकलं. रागाने टाकलं असेल तरी माझी तक्रार नाही.

काल दुपारी हिमानीने जुने फोटो हवेत म्हणून मला चार्जिंगला लावलं आणि ती पाणी आणायला आत गेली. चालू झालो न झालो तोच मी वाजलो. गोदाबाई शेजारच्या खाटेवर होत्या, त्यांनी उचललं.

"प्रणाम माताजी! पहला कोर्स पूरा हो गया होगा. आराम है ना?"

गोदाबाईंनी मला कानाशी नीट धरलं. मग कुणी आपुलकीने विचारपूस करावी आणि आपण खरं ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं, "बेटा, मेरा तो पाँव कट गया."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"कोई बात नहीं, माताजी. घाव भरने का तेल भी है हमारे पास. पता वही लिख दूँ?"

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी आजी आत्ता माझ्यासारख्याच एका फोनवर वाकून बसली असेल. तिला त्याच्यासमोर एकटी सोडू नका. जा, तिच्याजवळ जाऊन बसा.