राणीचं रडणं

चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक, तेही मूळ भाषेत, करायची खाज त्या हौशी मंडळाला कुठून आली देव जाणे. दिग्दर्शकाचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे पद्धतही दुकानातलीच. तालमीला कुणीतरी साधा माणूस खुर्चीत बसवायचा आणि प्रत्येक प्रवेशानंतर विचारायचा, "कळलं, की धूसर?" धूसर म्हटलं की कात्री. सेनापतीचं मरण तर असंच उडालं होतं. बिचारा आता मधूनच दिसेनासा व्हायचा.

त्या दिवशी खुर्चीत बसल्या राणीच्या, म्हणजे राणीचं काम करणारीच्या, सासूबाई. राणीला उभ्या नाटकात एकच भाषण, मेलेल्या राजापाशी. ते गेलं की नुसतं उभं राहायचं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना घोकून घोकून सुनेने ते पाठ केलं होतं.

"आई, काहीही झालं तरी कळलं म्हणा हं," तिने वाटेतच गळ घातली.

"न कळलेलं कळलं कसं म्हणू?" सासूबाई म्हणाल्या. जन्मभर बँकेत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळलेली बाई, खोट्याचं वावडं.

झालं! राणी रडली, किंचाळली, राजाच्या छातीवर कोसळली. राजाला गुदगुल्या झाल्या, तरी तो मेलेलाच राहिला.

"कळलं, की धूसर?"

"शब्द म्हणाल तर एकही कळला नाही. ओळखीचे वाटतात आणि जवळ गेलं की भलतेच निघतात."

दिग्दर्शकाने पेन्सिल उचलली.

"पण हिला नवरा गेल्याचं काडीचं दुःख नाही, एवढं कळलं. डोळे पुसता पुसता कोण बघतंय ते बघतेय."

"अहो, अगदी हेच! राणी ढोंगीच आहे!" दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. "एवढ्या जुन्या भाषेतून कळलं कसं तुम्हाला?"

"भाषेतून कुठलं? आमचे हे गेले तेव्हा ही अशीच रडली होती."

मेलेल्या राजाने एक डोळा उघडला. दिग्दर्शक खाकरला आणि म्हणाला, भाषण राहील, एक शब्दही कापायचा नाही.

सुनेला भाषण मिळालं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे चहाला पांगल्यावर ती सासूबाईंच्या शेजारी बसली. वर बघायची हिंमत होईना.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"लगेच."

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं.

"मी तरी कुठे खरी रडत होते?"