डकेटच्या उतारावरच्या सात तोफा

लेम्युएल क्रॅबट्री मास्तर पत्रांच्या बाबतीत फार काटेकोर होते. जुन्या विद्यार्थ्याने खुशालीच्या दोन ओळी पाठवल्या तरी मास्तरांकडून चार पानांचं उत्तर जायचं. मात्र एका पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. ते ओहायोहून आलं होतं आणि त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

पत्र जनरल ऑर्विल स्टॅनफिल यांचं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हे उत्तरेच्या बाजूचे आणि मास्तर दक्षिणेच्या. मास्तर ज्या टेकडीवर होते तिच्यासमोर, नदीपलीकडे, हे जनरल हजारो माणसं घेऊन येऊन बसले होते आणि टेकडीवरच्या तोफांना भिऊन परत गेले होते. पुढच्या वसंतात उत्तरेची फौज त्या टेकडीवर चढली, तेव्हा त्या तोफा म्हणजे काजळ फासलेले ओंडके निघाले. जनरलांचं पद गेलं. वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव ‘ओंडके जनरल’ ठेवलं आणि ते त्यांना जन्माचं चिकटलं.

पत्रात प्रश्न एकच होता. ‘मी माझ्या मेजर विल्कोटना पांढरं निशाण देऊन तुमच्याकडे पाठवलं होतं. त्यांच्याशी बोलायला खाली उतरलेले अधिकारी तुम्हीच. परत येऊन त्यांनी मला सांगितलं की तोफा सात आहेत आणि लोखंडी आहेत. त्यांनी ते ओंडके ओळखले होते की नव्हते? एवढं मला कळू द्या.’ खाली, उत्तर छापण्याची परवानगीही मागितली होती.

मास्तरांनी कितीतरी मसुदे केले आणि चुलीत घातले. ‘ओळखले होते’ असं लिहावं, तर विल्कोट अजून जिवंत होते, आपल्या गावी न्यायाधीश होते. म्हातारपणी ते फितूर ठरले असते. ‘ओळखले नव्हते’ असं लिहावं, तर ते खोटं, आणि जनरल मूर्ख ठरले होते ते मूर्खच राहणार. आपण दुसऱ्या कोणाच्या अब्रूचा निकाल लावणारे कोण, असं मास्तरांना वाटे. शेवटी त्यांनी ते पत्र लॅटिन व्याकरणाच्या पुस्तकात ठेवून दिलं. मग ते पुस्तक शेल्फावरून काढायलाही त्यांचा हात धजेना.

युद्धाआधी मास्तर टेनेसीतल्या एका खेड्यात शाळा चालवायचे. लेफ्टनंट झाले ते फक्त वाचता-लिहिता येत होतं म्हणून. पलटणीत त्यांना लेफ्टनंट कोणी म्हणत नसे. सगळ्यांचे ते मास्तरच.

डकेटच्या उताराशी नदी कमरेएवढ्या पाण्यात ओलांडता येते. त्या शरद ऋतूत हा उतार राखायचं काम कर्नल गॅल्ब्रेथ यांच्याकडे आलं. त्यांच्याजवळ शे-दीडशे माणसं होती आणि त्यातली निम्मी तापाने आडवी. तोफ एकही नव्हती. कुमक येतेय असा निरोप रोज यायचा, कुमक यायची नाही. कर्नलनी आपल्या मळ्यावरून गुलाम आणवले, त्यांच्याकडून झाडं तोडून घेतली, आणि मोडक्या गाड्यांच्या चाकांवर ते ओंडके चढवून टेकडीच्या कडेला रांगेने उभे केले. रंगवायचं काम सार्जंट बर्ल टिप्टनचं. त्याने काजळ आणि डुकराची चरबी कालवून ओंडके असे काळे केले की दहा पावलांवरूनही छाती दडपावी. शेवटच्या ओंडक्याची साल सोलायला मात्र त्याला वेळ मिळाला नाही. त्याने काजळ सालीवरच थापलं.

“लांबून कोण बघतंय, मास्तर,” तो म्हणाला होता.

त्याच दिवशी उत्तरेच्या एका तुकडीने उतार चाचपून पाहिला. झाडीतून बंदुका चालल्या, पाण्यात माणसं पडली, तुकडी मागे फिरली. तोफा का उडाल्या नाहीत हा प्रश्न पलीकडे कोणाला तरी पडणारच, हे टेकडीवर सगळ्यांनाच कळत होतं. त्या संध्याकाळी कोणी जेवलं नाही. भाजलेल्या मक्याची कॉफी तशीच गार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजर विल्कोट पांढरं निशाण घेऊन, घोड्यावर बसून पाण्यातून आले. कर्नलनी मास्तरांना बोलावलं. तुला सभ्यपणे बोलता येतं, तू जा, म्हणाले. त्याला खालीच थोपव, वर बघू देऊ नकोस. एका माणसाने दुसऱ्याला वर बघू कसं द्यायचं नाही, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मास्तर खाली उतरले. पाठीमागे सात ओंडके आहेत ही गोष्ट आपल्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेली आहे असं त्यांना वाटत होतं.

विल्कोट उंच, थकलेले गृहस्थ होते. पाण्यात पडलेली माणसं न्यायची आहेत, तोवर दोन्हीकडून गोळी नको, एवढीच त्यांची मागणी होती. मास्तरांनी कर्नलच्या वतीने होकार दिला. मग दोघेही काठावरच्या गोट्यांवर उभे राहिले आणि मेजरांची माणसं प्रेतं ओढून काढू लागली.

एकेक प्रेत पुढून जाऊ लागलं तसे विल्कोट हलक्या आवाजात बोलू लागले. हा पाणचक्कीवाल्याचा धाकटा. हा आमच्या पाद्रीबुवांचा. याची आई आमच्या शेजारी राहते.

“सगळे तुमच्या ओळखीचे?” मास्तरांनी विचारलं.

“आमची आख्खी कंपनी एका गावची आहे. एकाच दिवशी फौजेत नावं घातली सगळ्यांनी, बँड वाजवून.” ते थांबले. “उद्या हल्ला ठरला तर पाण्यात पहिली उतरणार तीही आमचीच.”

नेमका तेव्हाच वरून आवाज आला. टक्, टक्, टक्.

मास्तरांनी मान वळवली नाही. वळवायची गरजही नव्हती. त्या शेवटच्या ओंडक्याच्या सालीखाली किडा असणार आणि सुतारपक्ष्याला तो सापडलेला असणार. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. इतक्या शांततेत तो पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जात असेल. वर झाडीत बर्ल होता, पण तो उठला असता तर तोफेमागे तो एकटाच आहे हेही दिसलं असतं. आता हा माणूस घोड्यावर बसेल, पलीकडे जाईल, आणि तासाभरात ती हजारो माणसं पाण्यात उतरतील. आपली तापाने फणफणलेली पोरं झाडाखाली पडलेली आहेत. त्यांना संगिनींनी जागच्या जागी भोसकतील.

विल्कोटनी वर पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तेव्हा मास्तरांनाही पाहावंच लागलं. शेवटच्या तोफेच्या काळ्याभोर तोंडाजवळ तळहाताएवढा पांढरा डाग पडला होता आणि पक्षी अजून ढलप्या उडवत होता.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मास्तर बोलून गेले, “या दिवसांत इकडे सुतारपक्षी फार.”

“आमच्याकडेही असतात,” विल्कोट म्हणाले. “वाळकं लाकूड दिसलं की सोडत नाहीत.”

विल्कोट आता टेकडीकडे बघत नव्हते. ते पाण्याकडे बघत होते. तिथे त्यांची माणसं शेवटच्या पोराच्या बुटातलं पाणी ओतून टाकत होती.

“मी सात मोजल्या, लेफ्टनंट,” ते म्हणाले. “सात ना?”

“सात.”

“लोखंडी.”

मास्तरांनी मान हलवली. विल्कोटनी टोपीला हात लावला, घोड्यावर चढले आणि पाण्यात शिरले. त्यांची पाठ पलीकडच्या झाडीत दिसेनाशी होईपर्यंत मास्तर तिथेच उभे होते. या माणसाने आपल्याला जीवदान दिलं की आपली थट्टा केली, हे त्यांना कळत नव्हतं.

वर आल्यावर कर्नलनी विचारलं, काही संशय? मास्तर नाही म्हणाले. बर्लने काहीच विचारलं नाही. तो गुडघ्यांवर बसून पांढऱ्या डागावर काजळ चोळत होता. अर्धं काजळ गवतावरच सांडत होतं. मास्तरांनी शेजारी बसून त्याच्या हातातला फडका घेतला आणि उरलेलं काम केलं. रात्री दोघेही तिथेच उजाडायची वाट बघत बसले. पाण्याचा जरा आवाज झाला की बर्ल मास्तरांची बाही घट्ट धरायचा.

उजाडलं तेव्हा पलीकडचा तळ उठलेला होता.

तेव्हापासून दर ऑक्टोबरला डकेटच्या उतारावर मेळावा भरतो. डुक्कर भाजतात, फिडल वाजते. कर्नल गॅल्ब्रेथ आता नाहीत, पण कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे. बर्ल टिप्टन टपालमास्तर झाला, आणि गाडीवर चढून ओंडक्यांची गोष्ट सांगण्याचा मान दरवर्षी त्याचाच. गोष्ट तो झकास सांगतो. पोट धरून हसवतो. ज्या गुलामांनी ते ओंडके तोडले, ते पलीकडची फौज उतरली असती तर त्याच दिवशी मोकळे झाले असते, हे त्या गोष्टीत कधी येत नाही. आणि आणखी एक गोष्ट येत नाही, हे मास्तरांच्या केव्हाच ध्यानात आलं होतं. सुतारपक्षी. इतका नामी विनोद हातात असून बर्लने तो एकदाही वापरला नव्हता.

त्या वर्षीच्या मेळाव्यात तरुणांनी एक नवी टूम काढली. निळ्या कोटात पेंढा भरून जनरल केला, त्याला ओंडक्यावर घोड्यासारखं बसवलं आणि वाजतगाजत नदीत लोटला. कोणीतरी म्हणालं की खरा ओंडके जनरल अर्धांगाने अंथरुणाला खिळलाय, त्याला चमचासुद्धा दुसऱ्याने धरावा लागतो. त्यावर सगळ्यांत मोठा हशा पिकला.

मास्तर पाण्याकडे बघत होते. पेंढ्याचा माणूस तोंड खाली करून वाहत चालला होता आणि त्याच्या बुटांत पाणी भरत होतं. मुलगी अल्मिरा शेजारीच होती. त्या पत्राबद्दल घरात फक्त तिला ठाऊक होतं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “ते गेल्यावर कोणाला लिहिणार आहात?”

घरी आल्यावर मास्तरांनी लॅटिनचं पुस्तक काढलं. या खेपेला मसुदा केला नाही. अक्षर वाईट आलं, तेही तसंच राहू दिलं.

सकाळी ते टपालात गेले. दुसरं कोणी नव्हतं. बर्लने लिफाफ्यावरचं नाव वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“ओंडके जनरल?” तो म्हणाला. “काय लिहिलंत, मास्तर?”

मास्तरांनी दाराकडे एक नजर टाकली. “आपली एक तोफ खरी होती, असं लिहिलंय. छर्रे भरलेली, उताराच्या तोंडावर रोखलेली. ते उतरले असते तर पहिली कंपनी पाण्यातच कापली गेली असती. मेजरांनी बघितलं ते बरोबर बघितलं आणि जनरलांनी केलं ते शहाणपणाचं केलं. छापा म्हणून सांगितलंय, माझ्या नावानिशी.”

बाहेर कोणाची तरी गाडी खडखडत गेली. मास्तरांचं काळीज तसंच उडत होतं, त्या दिवशी गोट्यांवर उडत होतं तसं. हा माणूस आता हसेल, किंवा दारात जाऊन गावाला ओरडून सांगेल. त्याची गोष्ट, त्याचा मेळावा, त्याच्या कर्नलचा पुतळा, सगळंच आपण त्याच्या हातून काढून घेतोय.

“कुठली?” बर्लने विचारलं.

“काय कुठली?”

“खरी तोफ. कुठली होती?”

“शेवटची.”

बर्लने लिफाफा हातात फिरवला. “पुढं त्यांना सातही ओंडकेच सापडले ना?”

“खरी आपण जाताना ओढून नेली. तिच्या जागी ओंडका ठेवला.”

“आपण?”

“तू आणि मी.”

“कशानं ओढली? माणसं तापानं पडलेली.”

हा विचार मास्तरांनी केला नव्हता. पत्र परत मागावं म्हणून त्यांनी हात पुढेही केला.

“खेचरं होती,” बर्ल सावकाश म्हणाला. “दोन. त्यातलं एक लंगडं.” त्याने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. “मधेच बसलं होतं चढावर. तुम्ही त्याला लॅटिनमधून शिव्या घातल्यात, तेव्हा कुठं उठलं. कोणी विचारलं तर विसरू नका.”

त्याने शिक्का उचलला आणि इतक्या जोरात मारला की मास्तर दचकले. मग पत्र ओहायोच्या थैलीत गेलं.

दुपारी टपालाची गाडी निघाली. मास्तर कुंपणाशी उभे राहून बघत होते. वळणावर ती दिसेनाशी झाली तरी ते तिथेच होते, दोन्ही हातांनी कुंपण घट्ट धरून.