कोपरा दुमडायची सोय

शब्द न् शब्द खरा आहे हं! आधीच सांगून ठेवते, म्हणजे मधेच कुणी "काहीतरीच काय!" म्हणून खोकायचं नाही. यात एक जरी गोष्ट मनची घातली असेल, तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता या पेल्यात पडोत. पडले का? नाही ना? मग ऐका गुपचूप.

एका शाळेत एक बाई होत्या. सातवीला भाषा शिकवायच्या. सगळी शाळा त्यांना पेन्सिलबाई म्हणायची, कारण बत्तीस वर्षं त्यांच्या अंबाड्यात एक पेन्सिल खोचलेली असायची. त्या पेन्सिलीला कधी टोक काढावं लागलं नाही. बाईंचं डोकंच इतकं धारदार, की नुसती खोचून ठेवली तरी सकाळपर्यंत टोक निघायचं. झोपतानाही ती तिथेच. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, "कूस बदलायच्या आधी मी विचारून घेतो, आज टोक कुठल्या बाजूला आहे?"

बाईंच्या वर्गात एक रीत होती. फळ्यावर ती कधी लिहिली नाही, पण पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कळायची. ज्याला जे समजलं नाही, त्याने वहीच्या त्या पानाचा कोपरा दुमडायचा. बस्स. हात वर करायचा नाही, उभं राहायचं नाही, मागच्या बाकावरची खसखस ऐकायची नाही. बाई वह्या घरी न्यायच्या, कोपरा उलगडायच्या, आतल्या एवढ्याशा त्रिकोणात बारीक अक्षरात समजावून लिहायच्या आणि पुन्हा दुमडून ठेवायच्या. पोरं बाकाखाली वही धरून कोपरा उघडायची, वाचायची, आणि काहीच झालं नाही असा चेहरा करून बसायची.

त्या त्रिकोणात किती मावायचं म्हणता? एकदा धड्यात भूकंप आला होता. बाईंनी एका कोपऱ्यात अख्खा भूकंप समजावला, आणि जागा उरली म्हणून ज्वालामुखीसुद्धा घातला.

काही पोरांच्या वह्या कोपऱ्यांनी अशा फुगायच्या की कोबीचा गड्डाच. अशी एक वही दप्तरात मावायची नाही म्हणून तिचा मालक ती काखेत मारून यायचा. तो मुलगा पुढे मोठा झाला, चष्मा लागला, पोट सुटलं, आणि त्याच शाळेत हेडसर होऊन बसला. चारचौघांत बाई त्याला "सर" म्हणायच्या. दार बंद झालं की "अरे."

तर एका सोमवारी हेडसरांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. टेबलावर काळ्या चकचकीत पाट्यांची चळत होती.

"बाई, टॅब आलेत. सगळ्या वर्गांना. धडा पडद्यावर येणार, आणि पोरं त्यावरच खुणा करणार. रेघ मारा, रंग भरा, बाजूला टीप लिहा. सगळ्यांचं एकच पान, आणि सगळ्यांचं सगळं सगळ्यांना दिसणार."

बाईंनी उठून दार लावून घेतलं. "अरे, मग कोपरा कुठे दुमडायचा?"

"कोपरा कशाला लागतोय आता? पोरं उघड विचारतील. आजकालची पोरं लाजत नाहीत."

"असं? आणि तुझ्या वेळी कोबी कोण काखेत घेऊन फिरत होतं?"

हेडसरांचे कान लाल झाले. चष्मा पुसत म्हणाले, "बाई, ते दिवस गेले. पुढच्या महिन्यापासून वह्या बंद. वरूनच ठरलंय."

"वरून म्हणजे गच्चीवरून का? सगळं तूच ठरवतोस, मला माहीत नाही होय!"

शेवटी पैज लागली. गुरुवारी पालकांसमोर बाईंनी टॅबवर तास घ्यायचा. त्या तासात एका तरी पोराने आपणहून, सगळ्यांदेखत, "मला हे कळलं नाही" असं सांगितलं, तर बाई स्वतःच्या हाताने वह्या जमा करणार. नाही सांगितलं, तर सातवीच्या वह्या राहणार आणि कोपरेही राहणार. हेडसरांनी हात पुढे केला, बाईंनी त्यावर टाळी दिली. बाईंना वाटलं, जिंकलेच. बत्तीस वर्षांत जे एकाही पोराने केलं नाही, ते आईबापांसमोर कोण करतंय!

मास्तरांना टॅब शिकवायला एक गळ्यात टाय बांधलेला मुलगा आला. मास्तर लोक त्याला टायवाला म्हणू लागले. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना गोल बसवून त्याने टॅबवर लिहायचं पेन हातात दिलं. बाईंनी जुन्या सवयीने आधी त्याचं टोक जिभेला लावलं.

"मॅडम, ओलं नाही करायचं!"

"मग उमटेल कसं?"

मग त्यांनी एक रेघ मारली, खोडली, आणि खोडलेल्याचा चुरा उडवायला पडद्यावर फुंकर घातली. पलीकडचे गणिताचे सर पोट धरून हसले. ते हसताहेत तोवर बाईंनी टॅबचा कोपरा दोन बोटांत धरून जरा वाकवून पाहिला. टायवाल्याने जी किंकाळी फोडली, ती ऐकून शिपायाने शाळा सुटल्याची घंटा दिली आणि पहिलीची पोरं घरी पोचलीसुद्धा. संध्याकाळपर्यंत बाईंच्या अंबाड्यातून तीन पेनं निघाली, त्यातलं एक टायवाल्याचं.

पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. टॅब घरी नेला. यजमान भिंग डोळ्याला लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात डोकावत होते. शेजारी बसून बाईंनी एकेका रंगाने रेघा मारायला घेतल्या.

"काय गं, सरळ येते का रेघ?"

"माझी येते. हा यंत्रोबाच तिला आणखी सरळ करायला बघतो. आगाऊ मेला."

"सासूबाईंची आठवण झाली," यजमान म्हणाले, आणि पुन्हा घड्याळात घुसले.

गुरुवार उजाडला. वर्गात चाळीस पोरं आणि चाळीस टॅब. मागे खुर्च्यांवर पालक, त्यांच्यात पहिल्या रांगेत हेडसर, मांडीवर स्वतःचा टॅब. भिंतीवर मोठा पडदा. धडा होता एका पहारेकऱ्याचा. बरीच वर्षं तो दूरच्या कारखान्यावर राखणीला असतो, शेवटी घरी येतो, पण उंबऱ्याशीच अडतो. आत त्याची आई अंथरुणावर असते. आणि धड्यात वाक्य येतं, "त्याने दारातून आत पाहिलं, आणि पाहिलं नाही."

"चला," बाई म्हणाल्या, "जे आवडलं, जे महत्त्वाचं वाटलं, जे अडलं, तिथे खुणा करा."

आणि काय सांगू! पिवळं, हिरवं, गुलाबी, निळं. दहा मिनिटांत त्या पानाचा रंगाऱ्याचा सदरा झाला. कुणी 'कारखाना'खाली तीन रेघा मारल्या, कुणी 'मोठी शिट्टी'भोवती चांदण्या काढल्या, एका उपद्व्याप्याने पहारेकऱ्याच्या चित्राला मिशा काढल्या, त्याला दुसऱ्याने कल्ले जोडले. पालक माना डोलावत होते. टायवाला टाय सैल करून हसत होता.

बाई मात्र त्या पडद्याकडे बघतच राहिल्या. चाळीस वह्यांचे कोपरे शोधता शोधता जे डोळे तयार झाले होते, त्या डोळ्यांना रंग दिसलेच नाहीत. त्यांना दिसलं, की सगळ्या पानावर एकच वाक्य पांढरंफटक राहिलं आहे. तेच, पाहिलं आणि पाहिलं नाही. वरच्या वाक्यावर रंग, खालच्या वाक्यावर रंग, आणि मधल्या त्या वाक्याला चाळीस जणांनी वळसा घातला होता, रस्त्यातल्या खड्ड्याला घालतात तसा.

"काही अडलं का कुणाला?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई!" सगळे एका सुरात.

घड्याळात सहा मिनिटं उरली होती. सहा मिनिटं बाईंनी नुसती कविता म्हणून घेतली असती, तरी पैज खिशात होती. हेडसरांनीही मनगटाकडे पाहिलं. त्यांचं तोंड पडलं होतं.

बाईंची नजर तिसऱ्या बाकावर गेली. तिथे शिंप्याची मुलगी बसायची. वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीलासुद्धा ती नुसतं बोट वर करायची. यंदा सगळ्यात जास्त कोपरे तिच्या वहीत होते. ती पेनाचं टोक त्या पांढऱ्या ओळीपर्यंत न्यायची, आणि मागे बसलेल्या बापाकडे बघून परत घ्यायची. एकदा, दोनदा, तीनदा.

बाईंना वाटलं, गप्प बस बये. वह्या राहताहेत. उद्या ही कोपरा दुमडेल, तू लिहिशील, झालं. पण वही तर आज नव्हतीच. आज पोरीजवळ दुमडायला काही नव्हतं, आणि धडा आज होता.

बाईंनी टॅब उचलला. त्या पांढऱ्या वाक्याच्या शेवटी एक छोटा त्रिकोण काढला, दुमडलेल्या कोपऱ्यासारखा. मोठ्या पडद्यावर तो लालभडक उमटला, आणि त्याच्याखाली आपोआप बाईंचं नाव आलं. बाजूला त्यांनी लिहिलं, "मला हे वाक्य पहिल्या वेळी कळलं नव्हतं. अजून पुरतं कळलेलं नाही."

वर्गात अशी शांतता पसरली की यजमानांच्या दुकानातली घड्याळं तिथे ऐकू आली.

मग त्या लाल त्रिकोणाला चिकटून एक पिवळा त्रिकोण आला. एक बाजू उघडी राहिलेला. खाली नाव, शिंप्याच्या मुलीचं. मग हिरवा. मग दोन गुलाबी. मग मिशावाल्याचा, मग कल्लेवाल्याचा. बघता बघता त्या ओळीवर त्रिकोणांची माळ लागली, आणि शेवटी एक राखाडी त्रिकोण हळूच येऊन बसला. खाली नाव, हेडसरांचं.

"म्हणजे कुणालाच कळलं नव्हतं?" मिशावाला मोठ्याने म्हणाला. "मला वाटलं मी एकटाच ढ!"

"तू ढ आहेसच," कल्लेवाला म्हणाला, "पण आज सोबत आहे."

हशा ओसरला तेव्हा पडद्यावर पिवळी अक्षरं उमटत होती. हळूहळू, एकेक. "आजी आजारी होती तेव्हा बाबा दारातून असंच बघायचे. बघायचे पण दिसू द्यायचे नाहीत. मग मशीनवर जाऊन बसायचे. कपडा नसला तरी मशीन चालवायचे."

मागच्या रांगेत शिंपी खाली मान घालून बोटांनी नसलेली घडी मोडत बसला. बाईंनी काही समजावलं नाही. समजावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घंटा झाली तरी कुणी उठेना.

तास संपल्यावर हेडसर मागोमाग आले. दार लावलं त्यांनीच.

"बाई, पैज तुमची. पोरांच्या आधी तुम्ही खूण केलीत. कुणी आपणहून सांगितलेलं नाही."

"अरे, मी सांगितलं ना आपणहून? त्या वर्गात मीही होतेच की."

"तुम्ही गप्प राहिला असतात तर..."

"तर जिंकले असते. आता निघ, वह्या गोळा करायच्यात मला."

चाळीस वह्या बाईंनी शेवटच्या घरी नेल्या. दुपारभर एकेक कोपरा उलगडत बसल्या. एका त्रिकोणात त्यांनी कधीतरी लिहिलं होतं, "हे मलाही लहानपणी कळायचं नाही, घाबरू नकोस." दुसऱ्यात नुसतं एक हसरं तोंड काढलं होतं, कशाबद्दल ते त्यांनाही आठवेना. कोपरे सरळ झाले, पण घडीची रेघ काही जाईना.

"इस्त्री फिरवू का?" यजमानांनी विचारलं.

"खबरदार!"

मग त्या हसल्या, आणि डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "अहो, आता मला कुणी काही लपवून विचारणार नाही." यजमानांना कळेना की ही खुश आहे की रडतेय. बाईंनाही कळलं नव्हतं. सकाळी त्यांनी गठ्ठा बांधला, स्वतः उचलून हेडसरांच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि सातवीच्या वर्गात गेल्या.

आता माझ्याकडे असे नका बघू. बरं बाई, सांगते. एक गोष्ट मी घातली. तो हेडसरांचा राखाडी त्रिकोण. त्या दिवशी त्यांचा टॅब चालूच झाला नव्हता, मेला चार्ज करायला विसरला होता. काळा पडदा मांडीवर घेऊन बसला होता बिचारा. पण चालू असता तर त्याने काढलाच असता, म्हणून मी काढला. बाकी सगळं खरं. आणि तो पेला द्या बघू इकडे, एक दात जरा हलल्यासारखा वाटतोय.