फोटोपुरती दाढ

आमदार झाल्यापासून दातांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच, तेही फोटोपुरते, आपल्या दवाखान्यात फिरकत. आज त्यांनी गाल सुजलेल्या आजोबांना भुलीचं इंजेक्शन टोचलं आणि फोटोवाला येईपर्यंत फोनला चिकटून बसले. फोटोवाला उगवला दोन तासांनी.

"डॉक्टर, भूल उतरली असेल हो. परत द्या," वीस वर्षं हाताखाली राबलेल्या नर्सबाई म्हणाल्या.

"नको, तोंड वाकडं दिसतं फोटोत. आजोबा सोसतील," म्हणत आमदारांनी दाढेला चिमटा लावला.

आजोबा कळवळले.

"आजोबा, जरा हसा की!" फोटोवाला ओरडला.

बाईंना किळस आली. त्यांनी आमदारांचा हात बाजूला सारला, आजोबांना हाताला धरून उठवलं आणि समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाल्या. दारातून म्हणाल्या, "खुर्ची मोकळी आहे. आता तुम्हीच बसा, हसून!"